कोपऱ्यालाही दोन शेजारी

तीर्थपुरीहून शहागडकडे निघाले की वाटेत एक गाव लागते. दर गुरुवारी तेथे बाजार भरतो. गावाचे नाव देण्याचे कारण नाही. दिले तर एका गावाला वाईट वाटेल. दिले नाही तर आसपासच्या वीस गावांना हे आपलेच वर्णन आहे असे वाटेल, आणि तेच अधिक हिताचे आहे.

या गावाच्या ग्रामपंचायतीत आबाराव एकतीस वर्षे शिपाई होते. शिपायाचे काम काय असते हे सर्वांना ठाऊक आहे: जे इतर कोणाचेच नसते ते. त्यांतले एक काम मात्र आबारावांनी स्वतःचे करून घेतले होते. गुरुवारी दिवस उगवताना ते भोके पाडलेल्या डालड्याच्या डब्यात चुन्याची फक्की भरून मैदानावर येत आणि जमिनीवर चौकोन आखीत. कोणता चौकोन कोणाचा, हे कोठेही लिहिलेले नव्हते. ते आबारावांच्या डोक्यात असे आणि दर आठवड्याला बदलत असे, कारण गावातली भांडणेही दर आठवड्याला बदलत. आबाराव एक चौकोन इकडे सरकवीत, एक तिकडे, मधे हातभर जागा मोकळी सोडीत, आणि बाजार भरे.

ही विद्या त्यांना घराण्यातून आली होती. त्यांचे आजोबा मेंढरांचा कळप घेऊन गोदाकाठाने फिरत. मुक्कामाला जाळीचे कुंपण लावले की कोणता एडका कोणत्या एडक्याजवळ ठेवायचा नाही, व्यालेली मेंढी कोणत्या कडेला बसवायची, हे ज्याला कळे तोच कळपात शहाणा. आबाराव म्हणत, "मेंढरं बसवनं सोपं. दोन एडके टकरा घेतेत, दमतेत, बसतेत. माणूस दमत न्हाई." शिवाय मेंढरू आपल्या टकरीला तत्त्व म्हणत नाही, पण आबाराव ग्रामपंचायतीचे नोकर होते, म्हणून एवढे बोलत नसत.

एकतीस वर्षांत आपल्या बाजारातून एकही माणूस जागेवाचून परत गेला नाही, हा त्यांचा अभिमान होता. त्या अभिमानाचा पुरावा म्हणून ते सुगंधाबाईंकडे बोट दाखवीत. सुगंधाबाई शहागडहून येत. सुकट, बोंबील, सोडे असा वाळल्या मासळीचा माल त्यांच्या दोन पाट्यांत असे. त्यांच्या नावावरून जेवढे विनोद होण्यासारखे होते तेवढे गावाने पहिल्या दोन बाजारांतच करून संपवले होते आणि पुढची एकतीस वर्षे तेच पुन्हा चालवले होते. आबाराव सकाळी चिमूटभर फक्की हवेत सोडीत. ती ज्या दिशेला उडे त्या दिशेच्या शेवटच्या टोकाला सुगंधाबाईंचा चौकोन आणि त्याभोवती सहा हात मोकळे मैदान. आषाढात त्या उगवतीला बसत, पौषात मावळतीला. कोणाची तक्रार नाही. तक्रार नसणे हाच न्याय, अशी आपल्याकडे पूर्वापार समजूत आहे.

मग विकास आला.

तो सिमेंटच्या रूपाने आला. एका योजनेतून बाजारासाठी ओटे मंजूर झाले. तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन ओटे, असे नऊ. वर पत्रा, खाली फरशी, आणि दोन ओट्यांच्या मधे एक माणूस अंग चोरून जाईल एवढी बोळ. बाजारात कायम बसणारेही नऊच जण होते. बाकीचे हंगामी, ते जमिनीवरच बसणार होते. नऊ ओटे, नऊ माणसे. सरपंच साहेबराव यांना हा नियतीचा संकेत वाटला आणि त्यांनी ग्रामसभेत तसे बोलूनही दाखवले.

"सोडत काढू," ते म्हणाले. "डब्यात चिठ्ठ्या टाकू. ज्याचं त्याचं नशीब."

शेव-जिलेबीवाला भागवत उभा राहिला. "नशीब मान्य. पन माझ्या नशिबात बाजूला बोंबील निघाला मंग? जिलेबी काय सुकटीसंगं खायाची?"

सभा हसली. हसण्याचा जोर पाहून सरपंचांनी आपले मत तत्काळ बदलले. लोकमताचा इतका आदर करणारा सरपंच विरळा. त्यांनी ठरवले की प्रत्येकाने एक हरकत-चिठ्ठी द्यावी. आपल्या शेजारी कोण चालणार नाही, त्याचे नाव लिहावे आणि पुढे कारण लिहावे. सर्वांच्या हरकती सांभाळून ओटे वाटले जातील. ग्रामसेवक जाणते होते. त्यांनी उभे राहून एक खबरदारीची सूचना दिली.

"कारणाच्या रकान्यात जात लिहायची नाही. कायदा आहे. वास लिहा, धूळ लिहा, आवाज लिहा."

गावाने ही सूचना तंतोतंत पाळली.

चिठ्ठ्या गोळा करून नकाशा तयार करण्याचे काम अर्थातच आबारावांकडे आले. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते. ओट्यांवर रंगाने आकडे टाकले की फक्कीच्या डब्याला काम उरणार नव्हते, म्हणून त्यांच्या विद्येचा हा शेवटचा प्रयोग होता. त्यांनी तो मन लावून आरंभला. भागवत आणि अंबडचा कापडवाला यांनी आपल्या चिठ्ठ्या स्वतः लिहिल्या. बाकीच्यांपैकी कोणाला लिहिता येत नव्हते, कोणाचा चष्मा घरी राहिला होता. त्यांच्या चिठ्ठ्या आबारावांनी लिहून दिल्या, नेहमी लिहून देत तशाच, समोरचा सांगेल तशा.

बांगड्यावाल्या उषाबाई म्हणाल्या, "सुगंधाबाई नको. कारन लिव्हा, बांगड्यांला वास लागतो."

आबारावांनी लिहिले.

खुरपी-विळेवाला म्हणाला, "मला तशी काय अडचन न्हाई, पन सुगंधाबाई नको. लोखंडाला वास लागतो."

आबारावांनी तेही लिहिले. काचेला आणि लोखंडाला वास लागतो ही बातमी शास्त्रज्ञांपर्यंत अजून पोचलेली नव्हती, पण हरकतीच्या रकान्यात शास्त्रज्ञांना जागा नव्हती.

भाजीवाले संपत आणि शिवाजी हे चुलतभाऊ. शेताच्या बांधावरून त्यांचे चौदा वर्षे बोलणे नव्हते. संपतने शिवाजीचे नाव सांगितले, शिवाजीने संपतचे. आणि जाता जाता दोघांनीही, एकमेकांशी सल्लामसलत न करता, सुगंधाबाईंचे नाव जोडले. चौदा वर्षांत त्या भावकीचे एकमत झालेली ही पहिली बाब.

प्रत्येक जण जाताना एक वाक्य मात्र आवर्जून बोलला. "आबा, बाईवर माझा राग न्हाई बरं का. अजून सात जन हायेत. कुनाच्या बी बाजूला बसतीन त्या." हे खरे होते. सात जण होते. आणि राग तर मुळीच नव्हता, कारण हीच मंडळी बाजार उठताना काळ्या पिशवीतून सुकट नेत असत. उषाबाई मांजरासाठी नेत. गावात सांगितली जातात तेवढी मांजरे खरोखर असती, तर उंदीर औषधाला उरला नसता.

चपला विकणाऱ्या आणि शिवणाऱ्या आदिनाथने चिठ्ठी कोरीच परत दिली. आबाराव म्हणाले, "अरे, लिही की कुनाचं तरी."

"माझ्या शेजारी कोन बसत न्हाई, तेच पाहत आलो आजवर," आदिनाथ म्हणाला. "मी कुनाला नको म्हनायचं, हे सुचंनाच आबा." त्याचे नाव कोणाच्याही चिठ्ठीत आले नव्हते. याचे श्रेय गावाच्या उदारतेला द्यावे की ग्रामसेवकांनी सांगितलेल्या कायद्याला, याचा निर्णय वाचकांनी करावा.

सुगंधाबाईंनी आपल्या चिठ्ठीत लिहवले, "कोणीबी चालंल."

शेवटची चिठ्ठी घरची होती. आबारावांची बायको साळूबाई त्याच बाजारात हळद, मिरची आणि खडा मसाला विकत. चुलीपुढे भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "लिव्हा, सुगंधाबाई न्हाई पायजे. मसाल्याला वास लागतो." निदान येथे कारण वस्तूला धरून होते. आबारावांनी लिहिले, घडी घातली आणि भाकरी वाढायला सांगितली.

शनिवारी धाकटी मुलगी अर्पिता जालन्याहून आली. ती तेथे गणित घेऊन बीएस्सी करत होती. गणिताचा उपयोग काय, असे तिला गावात वर्षातून दोनदा विचारले जाई: एकदा सणाला आणि एकदा स्थळ आले की. आबाराव अंगणात बसले होते. समोर फक्कीने नऊ घरे आखली होती आणि त्यांत मिरची, लवंग, हळकुंड, दगडफूल असे नऊ जिन्नस मांडून ते दोन दिवस सरकवीत होते. जमत नव्हते.

"मसाला खेळायला न्हाई," साळूबाई आतून ओरडल्या.

"बाबा, असं किती सरकवणार?" अर्पिता म्हणाली. "नऊ माणसं नऊ ओट्यांवर किती तऱ्हेनं बसतील, ठाऊक आहे?"

"असतील की शे-दोनशे."

"पहिल्या ओट्याला नऊ माणसांतून एक, दुसऱ्याला उरलेल्या आठांतून एक, मग सातांतून. सगळ्यांचा गुणाकार करायचा. तीन लाख बासष्ट हजार आठशे ऐंशी."

आबाराव चकित झाले. एवढ्या नऊ चौकोनांत एवढी मोकळी जागा असेल अशी त्यांना कल्पना नव्हती. "मंग अडून काय राह्यलंय? एवढ्यातून एक बी जमंना?"

"एकेक हरकत लावून बघू." तिने वहीत जाळी काढली. "शेजारी म्हणजे ज्यांच्या मधे एकच बोळ आहे ते. अशा शेजारच्या जोड्या बाराच निघतात. संपतकाका आणि शिवाजीकाका त्यांपैकी एकाही जोडीत नको. त्यानं एक लाख वीस हजार नऊशे साठ मांडण्या गेल्या."

"बांधापायी?"

"बांधापायी."

एका वितीच्या बांधाने चिरेबंद गणिताचा तिसरा हिस्सा खाल्ला होता. पण दोन लाख एक्केचाळीस हजार नऊशे वीस मांडण्या अजून शिल्लक होत्या, आणि आबारावांना धीर आला. जगात एवढी भांडणे असूनही जग का चालते, याचे हे उत्तर होते: दोघांचे वैर फार थोडी जागा अडवते.

"आता सुगंधामावशी," अर्पिता म्हणाली आणि तिचे पेन थांबले. "बाबा, सात चिठ्ठ्यांत त्यांचं नाव आहे. फक्त आदिनाथकाकांच्या चिठ्ठीत नाही."

"मंग आदिनाथच्या बाजूला बसव त्यांना. कोपऱ्यात."

"कोपऱ्यालाही दोन शेजारी असतात बाबा. एक आडवा, एक उभा. दोघं तरी हो म्हणणारे लागतात. एकच आहे."

"मंग किती मांडन्या?"

"शून्य."

"संपत-शिवाजीचं भांडन सोडून दे."

"सोडलं. तरी शून्य. बाकीच्या सगळ्यांनी एकमेकांच्या गळ्यात गळे घातले तरी शून्य."

आबारावांनी सातही चिठ्ठ्या हातात घेतल्या आणि प्रथमच एकापाठोपाठ एक वाचल्या. आतापर्यंत त्यांनी त्या एकेक लिहिल्या होत्या. एकेक लिहिताना प्रत्येक मागणी लहानशी होती, साधी होती, अजून सात जण होते. सातही जणांनी तो भार बाकीच्या सातांवर टाकला होता. सातांपैकी पाच चिठ्ठ्यांवरचे अक्षर सारखे होते: वळणदार, एकतीस वर्षे सरकारी आवक-जावक लिहून घोटलेले. ज्या माणसाने आयुष्यात कोणाला जागेवाचून परत पाठवले नाही, त्याने हे शून्य स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात, काढून दिले होते.

त्यांनी साळूबाईंची चिठ्ठी उचलली, पेनाचे टोपण काढले आणि "सुगंधाबाई" या शब्दावर रेघ ओढणार, तेवढ्यात साळूबाई दारात आल्या.

"काय खोडून राह्यले?"

"काय न्हाई. अक्षर चुकलंय."

"अक्षर तुमचं आसंल. बोलनं माझं हाय. ते खोडायचं न्हाई."

आबारावांनी टोपण पुन्हा लावले. दुसऱ्याच्या तोंडचा शब्द परस्पर बदलून साधलेला न्याय ग्रामपंचायतीत चालून जातो; घरात चालत नाही, हे एका परीने बरेच आहे.

सोमवारी त्यांनी सरपंचांना शून्य कळवले. साहेबराव चहा पीत होते. ते मुळीच विचलित झाले नाहीत.

"आबा, तुम्ही गनिताला घाबरून राह्यले. सोपं हाय. एक कमी करा. आठ जन ओट्यावर, सुगंधाबाई खाली. सौचालयाच्या मागं जागा मोकळीच हाय. थितं वासावर वास, कुनाला कळनार बी न्हाई."

"नवी मांडनी नऊ जनांसाठी हाय, सरपंच."

"नववा ओटा मोकळा ठेवू. माननीय लोक आले की बसतील." साहेबरावांनी बशी खाली ठेवली. "बुधवारी जाऊन सांगून या त्यांना. गोडीनं सांगा. तुमचं ऐकतेत त्या."

हा उपाय साहेबरावांनी नव्याने शोधला असे समजणे हा त्यांचा अवास्तव गौरव होईल. ज्या समाजाला शेजार जमत नाही तो नेहमी एक माणूस कमी करतो आणि मग उरलेल्यांच्या एकोप्याचा फोटो काढतो.

बुधवारी आबाराव शहागडला गेले. सुगंधाबाई घरापुढे सुकट पाखडत होत्या. त्यांनी खाट टाकली, पाणी दिले. आबारावांना गोडीने सांगायचे होते, पण तोंड उघडले तेव्हा सगळे सरळच निघाले: सात चिठ्ठ्या, शून्य, शौचालयाची मागची बाजू.

सुगंधाबाईंचे सूप थांबले नाही. "बरं," त्या म्हणाल्या.

"बरं काय? तुम्ही कायतरी बोला. मी भांडतो सरपंचाशी. एकतीस वर्षं मी तुम्हाला जागा दिल्ती, आता बी..."

"दिल्ती की." सूप थांबले. "जागा बराबर दिली, आबा. वारं बघून दिली. शेजार मातर कवाच न्हाई दिला."

आबारावांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"सहा हात मोकळे सोडत व्हते तुम्ही माझ्या भवती. मला पानी प्यायला जायचं व्हायचं, तर पाटीवर नजर ठिव म्हनायला बाजूला मानूस न्हाई. सुट्टे पाह्यजेत तर तीन चौकोन वलांडून जायचं. एकदा चक्कर आली, भिताडाला टेकून बसले घटकाभर. कुनाला कळलं न्हाई. तुमची मर्जी चांगली व्हती, मी न्हाई कधी म्हनलं. आता मागं बसा म्हनतेत, तर फरक काय? सहा हाताचे साठ हात." आणि त्या पुन्हा पाखडू लागल्या. "चहा घेता ना? का वास येईल?"

आबारावांनी चहा घेतला. तो कसा लागला हे त्यांना आठवत नाही.

घरी येऊन त्यांनी साळूबाईंना काहीही मागितले नाही. जे ऐकले ते सांगितले, चक्कर आली होती तेही सांगितले. साळूबाई मिरच्यांचे देठ मोडत होत्या. मोडत राहिल्या.

"तिच्याकडनं सुकट घेती ना तू?" आबाराव शेवटी म्हणाले.

"मसाल्याच्या बदल्यात घेती. फुकट न्हाई घेत." देठ मोडणे थांबले. "पन बाकी सहा जन नको म्हनले, अन मी एकली हो म्हनले तर गाव काय म्हनंल? आबारावची बायको, नवऱ्यानं बसवली थितं. नाहीतर म्हनंल, हिला बरं चालतं, हिच्या घरी काय शिजतं कुनाला ठावं."

"ते म्हनंल."

"मंग?"

"मंग काय. मी काय सांगू?"

अर्पिता जालन्याला परत गेली होती; तिचा फोन आला तेव्हा तो साळूबाईंनीच घेतला. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या. "पोरगी म्हनती, माझ्या एका 'हो'नं शून्याचे तीन हजार चारशे छप्पन व्हतेत. संपत-शिवाजीचं भांडन धरून."

"एवढे?"

"आकड्याला काय जाळायचंय? आकडा घेऊन गिऱ्हाईक येतं का?" त्या बसल्या. मिरच्यांची पाटी पुढे ओढून म्हणाल्या, "लिव्हा चिठ्ठी. सुगंधाबाई चालंल. पन अट लिव्हा. वारं मावळतीकडनं येतं. मी तिच्या मावळतीला बसनार. वास तिकडं उगवतीला जाईल, माझ्या मसाल्यावर येनार न्हाई. ही अट सभेत मोठ्यानं वाचा."

आबारावांनी लिहिले. या अटीने सुगंधाबाईंना उगवतीच्या दोनच कोपऱ्यांत बसणे भाग होते आणि दोघा शेजाऱ्यांची दिशाही ठरून गेली. रात्री अर्पिताने फोनवर हिशेब सांगितला: चौथा हिस्सा उरला, आठशे चौसष्ट. साळूबाईंचे वारे दोन हजार पाचशे ब्याण्णव मांडण्या उडवून घेऊन गेले होते. पण शून्य पाहून आलेल्या माणसाला आठशे चौसष्ट म्हणजे इंद्राचे ऐश्वर्य.

गुरुवारी सभेत आबारावांनी नकाशा मांडला. सुगंधाबाई नऊ नंबरला, उगवतीच्या कोपऱ्यात. त्यांच्या मावळतीला आठ नंबरवर साळूबाई, वर सहा नंबरवर आदिनाथ. संपत एका टोकाला, शिवाजी दुसऱ्या. जिलेबीवाला भागवत मधोमध, पाच नंबरला. कोणाचीही हरकत मोडलेली नव्हती.

भागवतने नकाशा निरखला आणि बोट ठेवले. "हे बघा. नऊ नंबर माझ्या तिरका येतो. तिरका शेजारी धरला न्हाई तुम्ही. वास काय काटकोनात जातो का?"

सभेत या प्रश्नाने गांभीर्य पसरले. अर्धा तास चर्चा झाली. तिरका शेजारी हा शेजारी आहे काय, या विषयावर गावात प्रथमच सर्व पक्षांच्या कार्यकर्त्यांनी विचार मांडले. अखेर ग्रामसेवकांनी निवाडा दिला: "शासन निर्णयात तिरप्या शेजाऱ्याचा उल्लेख नाही." जे शासन निर्णयात नाही ते अस्तित्वात नसते, त्यामुळे भागवतचे नाक निरुपायाने खाली बसले.

मग साळूबाईंची अट मोठ्याने वाचली गेली. बायकांच्या बाजूने उषाबाई म्हणाल्या, "साळूबाई हुशार हाय. वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसली." सगळ्यांच्या माना हलल्या. स्वार्थ दिसला, म्हणून गावाचा जीव भांड्यात पडला. निव्वळ चांगुलपणा असता तर चौकशी झाली असती. सरपंचांनी उद्घाटनाच्या भाषणात या मांडणीला समतेचा आदर्श म्हटले आणि तो आदर्श आपल्याला चहा पिता पिता सुचला, हेही नम्रपणे सांगितले. नारळ फुटला. फोटोत नऊ जणांपैकी चार आले.

पुढच्या महिन्याअखेर आबाराव निवृत्त झाले. शाल मिळाली, श्रीफळ मिळाले आणि फक्कीचा डबा पंचायतीने जुने सामान म्हणून परत घेतला. गुरुवारी ते साळूबाईंच्या ओट्यामागे मिरच्यांच्या पोत्यावर बसू लागले. उद्योग नसलेला माणूस वारा बघतो. दिवाळी झाली, आणि एका गुरुवारी त्यांना जाणवले की तो फिरला आहे. उगवतीकडून येणारी थंड झुळूक नऊ नंबरवरून सरळ आठ नंबरवर येत होती, बोंबलाचा वास अंगावर घेऊन.

त्यांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. एकतीस वर्षे फक्की उडवलेल्या माणसाला पौषातला वारा ठाऊक नसेल तर कोणाला असेल? साळूबाईंनी अट घातली तेव्हा ते मुद्दाम बोलले नव्हते. आता त्यांना उगाच चोरट्यासारखे वाटू लागले.

सुगंधाबाईंच्याही ते ध्यानात आले होते. "साळू," त्या पाटीवरून म्हणाल्या, "वारं फिरलं गं. तुझी अट सरली. जाती का हरकत घ्यायला?"

साळूबाई हळद मोजत होत्या. त्यांनी वर पाहिले नाही. "माझा बाप मेंढरं राखत व्हता, सुगंधाबाई. कोन्या महिन्यात कुनीकडनं वारं येतं, हे मला ह्या मानसाकडनं शिकायचंय व्हय?"

आबाराव पोत्यावर सावरून बसले. "मंग अट कशाला घातली?"

"गावासाठी. ह्या गावात न्हाई म्हनायला काय बी कारन चालतं. हो म्हनायला मातर नीट पटंल असं कारन लागतं."

सुगंधाबाईंनी पाटीतले बोंबील सारखे केले. त्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. गिऱ्हाईक बोळीतून येत होते आणि मधेच अडले, कारण बोळीत साळूबाईंच्या मिरचीचे दुसरे पोते आडवे पडले होते.

"हे पोतं काढ आधी," सुगंधाबाई कडाडल्या. "बोळ काय तुझ्या बापाची हाय? मेंढरं बसवली का इथं?"

"दोन मिनटं ठिवलंय! तुझं गिऱ्हाईक वलांडून येईना का? कंबर मोडली का त्याची?"

"चार बाजार झाले दोन मिनटं म्हनून राह्यली!"

"अन तुझं मीठ-पानी माझ्या फरशीवर येतं ते?"

आवाज वाढले. भागवत तिरक्या कोनातून मान लांब करून ऐकू लागला. आदिनाथने हातातली चप्पल बाजूला ठेवली आणि पोत्याचे एक टोक धरले. दुसरे टोक धरायला आबाराव उठले. एकतीस वर्षांत त्यांनी सुगंधाबाईंना बाजारात कोणाशी भांडताना पाहिले नव्हते. भांडणासाठी समोरचे माणूस हाकेच्या अंतरात असावे लागते, आणि तेवढ्या अंतरात त्यांनी आजवर कोणाला बसवलेच नव्हते.

"हळू उचला," आदिनाथ म्हणाला. "ठिवायचं कुठं?"

आबारावांनी बोळीकडे पाहिले, दोन्ही ओट्यांकडे पाहिले. "ठेव जरा," ते म्हणाले, "होऊ दे त्यांचं."